सव्वीस वह्यांतला चंद्र

वर्गाला मोठ्या बाई आधीपासून होत्या, म्हणून ती छोट्या बाई झाली. तिचं खरं नाव मुलांच्या जिभेवर काही केल्या बसेना. पहिल्या दिवशी सव्वीस मुलांनी त्या नावाचे सव्वीस प्रकारे तुकडे केले आणि शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने तंटा मिटवला. "त्या मोठ्या बाई. या छोट्या बाई. झालं!" उंचीच्या हिशेबानेही ते खरंच होतं. मोठ्या बाई वर्गाच्या दारातून किंचित वाकून येत, आणि हिला फळ्याच्या वरच्या ओळीसाठी स्टूल लागे.

ती परक्या देशात शिकवायला शिकत होती. पदार्थविज्ञानाची पदवी झाली होती, शिक्षकी पेशाचा अभ्यासक्रम संपत आला होता. तिच्या कॉलेजातून दरवर्षी दोघांना बाहेरच्या शाळेत सरावाला पाठवत, त्यांत यंदा तिचा नंबर लागला होता. आठ आठवडे, दहा पाठ. नऊ पाठ मोठ्या बाईंच्या नजरेखाली, दहावा बाहेरून येणाऱ्या निरीक्षकांसमोर. दहाव्यात पन्नासाच्या खाली गुण पडले की मुसळ केरात. वर्ष पुन्हा करायचं, आणि गावच्या शाळेने "निकाल दाखवा, रुजू व्हा" असं पत्र दिलं होतं तेही विसरायचं. ते पत्र तिने सोबत आणलं होतं आणि दर दोन दिवसांनी उघडून बघत होती. मजकूर पाठ झाला होता, तरी.

इथली भाषा ती तीन वर्षं शिकली होती. बोलताना अजून एखादा खडा दाताखाली येई, पण गाडी अडत नसे. तिचा खरा भरवसा होता टाचणावर. टाचण म्हणजे पाठाचा लेखी आराखडा: एका रकान्यात शिक्षकाचा प्रश्न, दुसऱ्यात विद्यार्थ्याचं अपेक्षित उत्तर, तिसऱ्यात फळ्यावर काय लिहायचं ते. टाचण लिहावं तर तिनेच. मिनिटामिनिटाचा हिशेब, पट्टीने मारलेल्या रेघा. मुलांनी अपेक्षित उत्तर दिलं नाही तर ती तीन सेकंद थांबे आणि स्वतःच देऊन टाके. मोठ्या बाई मागच्या बाजूला मुलांच्याच बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि पाठ संपला की मुंगीएवढ्या अक्षरांत शेरा लिहीत. नऊ पाठांचे शेरे नऊ, आणि नऊही सारखे: "तयारी उत्तम. उत्तराची घाई."

दहावा पाठ चंद्रकलांचा होता. त्यासाठी वर्गाने महिनाभर चंद्र बघून निरीक्षणवहीत काढला होता. या शाळेत निरीक्षणवहीचं सोवळं फार. वही पेनानेच लिहायची, खोडरबर लावायचा नाही. चुकलं तर चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, ती खाली वाचता आली पाहिजे. शेजारी नवीन काढायचं आणि "कारण" म्हणून एक ओळ लिहायची: का बदललं. दहा वर्षांची मुलं हे सगळं दात घासल्यासारखं सहज करत.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी वह्यांचा गठ्ठा तिच्या हातात ठेवला. "सोमवार-मंगळवार मी प्रशिक्षणाला जाणार आहे. वह्या तपासून ठेवा. गुरुवारी निरीक्षक येतील. वर्ग तुमचा."

"वर्ग तुमचा" हे दोन शब्द ती बसमध्ये पूर्ण वाटभर चघळत होती.

तिची खोली एका निवृत्त नर्सच्या घरात वरच्या मजल्यावर होती. शनिवारी सकाळी तिने टेबल खिडकीशी ओढलं, लाल पेन काढलं आणि पहिली वही उघडली. अठ्ठावीस वर्तुळं, प्रत्येकाखाली वेळ आणि जागा. "संध्याकाळी ६:४०, आजीच्या गच्चीवरून." "सकाळी ७:१०, बसस्टॉप." "ढग. दिसला नाही." मुलाने काम मनापासून केलं होतं, पण चंद्र उलटा होता. वाढत्या चंद्राची उजळ बाजू उजवीकडे हवी, याने ती डावीकडे काढली होती. तिने लाल पेनाने लिहिलं: "दिशा उलट. दुरुस्त करा."

दुसरी वही. तीही उलटी. तिसरी, चौथी, पाचवी. दहाव्या वहीला तिला हसू यायला लागलं. पंधराव्या वहीला तिच्या आतली विज्ञानाची विद्यार्थिनी जागी झाली. ही साधीसुधी चूक नव्हे, ही शिस्तबद्ध चूक. एकाने काढलं असणार आणि बाकीच्यांनी री ओढली असणार. पाठाची सुरुवात यावरच करता येईल. सव्वीस वह्यांत बरोबर निघाली एकच, ती पहिल्या बाकावरच्या पहिल्या नंबराच्या मुलीची. सुबक वर्तुळं, सगळी उजवीकडून उजळत गेलेली, एकही नोंद चुकलेली नाही. तिथे तिने लिहिलं, "उत्तम!" आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दुपारी आईचा फोन आला. आई शिवणकाम करते. तिच्या फोनमध्ये बोलण्याआधी मशीन ऐकू येतं.

"जेवलीस का?"

"जेवते गं. वह्या तपासतेय. पंचवीस जणांनी चंद्र उलटा काढलाय."

"उलटा म्हणजे? खाली डोकं वर पाय?"

"डावी बाजू उजळ दाखवलीय. पाहिजे उजवी."

"पंचवीसच्या पंचवीस जणांनी?"

"एकाचं बघून दुसऱ्याने काढलं असेल. मुलंच ती."

मशीन थांबलं. "बघ हं बाई. माझ्याकडे पंचवीस ब्लाउजांच्या बाह्या उलट्या दिसायला लागल्या ना, तर मी आधी बघते की कापड मीच तर उलटं धरलं नाही."

"आई, चंद्र म्हणजे ब्लाउज नाही."

"नाहीच मुळी. त्याला अस्तर नसतं," आई म्हणाली. "जेव आधी."

सोमवारी तिने वह्या वाटल्या. वर्गात पानं उलटण्याचा आवाज झाला. मागच्या बाकावरून एक हात वर आला. ही तीच, नाव ठेवणारी मुलगी. दोन वेण्या, गुडघ्यावर कायम एक ताजी खपली, आणि प्रत्येक तासाला निदान एक शंका. छोट्या बाईंनी मनातल्या मनात तिचं नाव शंकासुर ठेवलं होतं.

"छोट्या बाई, मी बघून काढलाय."

"बघताना कधी कधी गोंधळ होतो."

"अठ्ठावीस दिवस?"

वर्ग खुसखुसला. छोट्या बाईंनी आपल्या देशातून आणलेलं पुस्तक उघडून आकृती सगळ्यांना दिसेल अशी धरली. "हे बघा. वाढता चंद्र, उजवी बाजू."

शंकासुर पुढे येऊन आकृती निरखून गेली. "ज्यांनी हे काढलं त्यांनी बघून काढलं का?"

"पुस्तक तज्ज्ञ माणसं लिहितात."

"बरं," ती म्हणाली. तो 'बरं' काही बरा नव्हता.

पुढची चाळीस मिनिटं वर्गात फक्त पेनांची कुरकुर चालली होती. मुलांनी आपापल्या चंद्रांवर एकेक आडवी रेघ मारली, शेजारी नवा चंद्र काढला, उजवीकडून उजळलेला, आणि नियमाप्रमाणे कारण लिहिलं. ती बाकांमधून फिरत होती आणि तिला समाधान वाटत होतं. केवढी शिस्त! एकाने कारण लिहिलं होतं, "छोट्या बाईंनी सांगितलं." शेजारणीनेही तेच. पुढच्यानेही तेच. शंकासुराने लिहिलं होतं, "कारण: मला माहीत नाही. छोट्या बाईंना माहीत आहे."

मंगळवारी शाळा सुटल्यावर मैदानावर लक्ष ठेवायची पाळी तिची होती. सव्वातीन वाजले होते. आकाश निरभ्र होतं, पालकांची वाट बघणारी पाच-सहा मुलं इकडेतिकडे पांगली होती. शंकासुर लोखंडी बारला गुडघे अडकवून वटवाघळासारखी उलटी लोंबत होती. वेण्या जमिनीकडे, चेहरा लाल.

"छोट्या बाई! सापडला!"

"काय सापडलं? आणि खाली उतर, रक्त डोक्यात जाईल."

"तुमचा चंद्र! इथून दिसतोय. या ना!"

छोट्या बाई जवळ गेल्या आणि तिने बोट केलं तिकडे बघितलं. शाळेच्या छपराच्या वर, दिवसाउजेडी, निळ्या आकाशात अर्ध्याला जरा कमी असा चंद्र होता. वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा फिकट. त्याची उजळ बाजू डावीकडे होती.

तिने एक डोळा मिटून बघितलं. मग लहान मुलं करतात तसा आपला जेवायचा हात वर करून बघितला. तो उजवा. चंद्र डावीकडूनच उजळ होता. सूर्यही डाव्या अंगालाच होता, आणि सूर्य जिकडे असेल त्या बाजूनेच चंद्र उजळणार, दुसरं काय करणार? मग आपण तोंड करून उभ्या कुठे आहोत? उत्तरेकडे. सूर्य उत्तरेच्या आकाशातून पश्चिमेला चालला होता. गावी तो दक्षिणेकडून जातो. इथे, पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात, उत्तरेकडून. हे तिला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं. खोली बघायला गेली तेव्हा घरमालकीण म्हणाली होती, "उत्तरेची खिडकी आहे, भरपूर ऊन येतं," आणि हिला वाटलं होतं, बिचारीचा दिशांचा घोळ आहे. सात आठवडे त्या खिडकीतून ऊन टेबलावर येत होतं. त्या उन्हात बसून तिने पंचवीस वह्यांवर "दिशा उलट" असं लिहिलं होतं.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते तिला त्या मैदानावर कळलं.

"सरळ उभं राहून बघितलं की आमचा," शंकासुर खालून सांगत होती, "आणि उलटं लटकून बघितलं की तुमचा. म्हणजे आमचंही बरोबर, तुमचंही बरोबर. हो ना?"

मुलीने रात्रंदिवस डोकं लढवून बाईंना वाचवायची वाट शोधून काढली होती. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. अपेक्षित उत्तराच्या रकान्यात शोभून दिसेल असंच ते होतं.

"विचार करून सांगते," छोट्या बाई म्हणाल्या. "उतर आता."

त्या संध्याकाळी रिकाम्या वर्गातच थांबून तिने कपाटातल्या वह्या पुन्हा उघडल्या. या वेळी लाल पेन पिशवीतच राहिलं. ढगांच्या नोंदी तिने एका कागदावर मांडल्या. नऊ तारखेला चोवीस मुलांनी "ढग" लिहिलं होतं, दहाला पंचवीस. एकमेकांचं बघून काढणारी मुलं ढगांवर इतकी एकमत होत नसतात. मुलं खरंच बाहेर उभी राहिली होती. मग तिने पहिल्या नंबराची वही घेतली. त्यात ढग एकही नव्हता. अठ्ठावीस दिवस, अठ्ठावीस चंद्र, आणि सगळ्यांची वेळ संध्याकाळी सात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, तो संध्याकाळी सातला कुणाच्या बापाला दिसणार? आणि हे पदार्थविज्ञानात पहिल्या आलेल्या बाईंच्या नजरेतून सुटलं, कारण चंद्र पुस्तकासारखा होता. "उत्तम!" खालच्या दोन रेघा तिच्याकडे बघत होत्या.

बुधवारी ती घंटेच्या अर्धा तास आधी शाळेत पोचली. शिक्षकखोलीत मोठ्या बाई चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. समोर शंकासुराची वही उघडी होती. ती मुलगी बहुधा त्याच्याही आधी येऊन गेली होती.

"मी चुकले," छोट्या बाई दारातूनच म्हणाल्या. बसमध्ये त्यांनी दहा वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही बाहेर आलं नाही.

"बसा."

ती बसली. सगळं सांगितलं. मैदान, बार, उत्तरेचं ऊन.

"ती मुलगी म्हणते, दोघांचंही बरोबर," तिने शेवटी सांगितलं.

"तुम्ही काय म्हणता?"

"माझ्या गावी संध्याकाळची कोर होडीसारखी आडवी असते. पुस्तकातल्यासारखी उभी मी तिथेसुद्धा कधी बघितलेली नाही. लहानपणापासून बघतेय आडवी, आणि पेपरात काढली उभी. दहापैकी दहा मिळाले. म्हणजे मी तिथेही बरोबर नव्हते."

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. "गुरुवारचं टाचण निरीक्षकांकडे गेलंय. मंजूर झालंय. तुम्ही त्याप्रमाणेच पाठ घेऊ शकता. आकृती तेवढी फिरवा, आज वह्या दुरुस्त करून घ्या. निरीक्षक दरवेळी वह्या मागतातच असं नाही."

"आणि मुलं?"

"मुलं काय, करतील. सांगाल ते करतील. सोमवारी केलं ना?"

मोठ्या बाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, ना गोड ना कडू. पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं.

"टाचण सोडलं तर?"

"तर उद्दिष्टांचे गुण जातील, वेळेचे जातील. निरीक्षक फॉर्मचे पक्के आहेत. पन्नासाच्या खाली गेलात तर मी काही करू शकणार नाही." त्या उठल्या, कप विसळला. "ठरवा. मला विचारू नका, माझ्याकडून उत्तर घेऊन जाल."

दुपारच्या सुट्टीत ती रिकाम्या वर्गात बसली. गावच्या शाळेचं पत्र डोळ्यांसमोर होतं, खालच्या सहीच्या वळणासकट. मशीनवर वाकलेली आईची पाठही होती. तिने एकदा टाचणाची सहा पानं वाचून काढली. चांगलं टाचण होतं. मग ते बाजूला ठेवलं, वह्या घेतल्या, आणि आपल्या लाल शेऱ्यांवर एकेक आडवी रेघ मारत गेली. पंचवीस "दिशा उलट" आणि एक "उत्तम". प्रत्येक रेघेशेजारी कारण लिहिलं: "तपासण्याआधी मी आकाश बघितलं नव्हतं." सव्वीस वेळा लिहून झालं तेव्हा मधलं बोट दुखत होतं.

गुरुवारी सकाळपासून आकाश असं भरून आलं की चंद्र सोडा, सूर्याचाही पत्ता नव्हता. निरीक्षक वेळेवर आले. बारीक अंगाचे, करड्या कोटातले, कातडी बॅग मांडीवर घेऊन बसणारे गृहस्थ. त्यांनी टाचणाची प्रत काढली, पेनाचं टोपण पेनाच्या मागे लावलं आणि तयार झाले.

छोट्या बाईंनी वह्या वाटल्या. "सोमवारी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही बघून काढलं होतं, मी न बघता खोडायला लावलं. पण आता मी पुन्हा सांगते म्हणून परत बदलू नका. कोण बरोबर, ते कसं ठरवायचं?"

निरीक्षकांनी टाचणाचं पान उलटलं, परत मागे आणलं. हा प्रश्न त्यात नव्हता.

वर्ग गप्प. एक, दोन, तीन सेकंद. तिचे ओठ हलले. तिने ते दाताखाली धरले. नऊ, दहा, अकरा.

"खिडकीतून बघू," एक मुलगा म्हणाला.

"ढग आहेत, शहाण्या."

"माझी आत्या पृथ्वीच्या वरच्या अर्ध्या भागात राहते. तिला फोन करू!"

"तिच्याकडे आता रात्र असेल, झोपली असेल आत्या."

"चेंडू घ्या," शंकासुर म्हणाली. "चेंडू लटकवा. आणि बार नाही म्हणून वाका."

मग जे झालं ते कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं. पांढरा चेंडू दोऱ्याने छताच्या आकड्याला टांगला, त्यासाठी छोट्या बाई स्टुलावर चढल्या तरी हात पुरेना, तेव्हा मोठ्या बाई बुटक्या खुर्चीवरून उठल्या, एका हाताने दोरा अडकवला आणि काही न बोलता परत जाऊन बसल्या. दिवे बंद झाले. डाव्या बाजूने टॉर्च धरला. चेंडूचा डावा भाग उजळला. अर्धा वर्ग सरळ उभा राहिला, अर्धा वर्ग पाठ फिरवून ओणवा झाला आणि आपल्याच पायांमधून चेंडू बघू लागला.

"उजवीकडे! उजवीकडे दिसतोय!"

"पुस्तकातला आहे!"

"ए, धक्का नको देऊस, पडला माझा चंद्र!"

शंकासुर ओणव्या अवस्थेतच निरीक्षकांच्या खुर्चीपर्यंत सरकली होती. "तुम्ही पण बघा ना वाकून."

"माझी कंबर परवानगी देत नाही," निरीक्षक गंभीरपणे म्हणाले. मग त्यांनी तिच्या बाकावरची वही उचलली, चंद्राचं पान उघडलं, आणि टॉर्चच्या उजेडात ती वही हळूच खालची वर फिरवून बघितली. एकदा अशी, एकदा तशी.

"म्हणजे पृथ्वीवर आपण त्यांच्या उलटे उभे आहोत," आत्यावाला म्हणाला.

"की ते आपल्या उलटे?" दुसऱ्याने विचारलं, आणि त्यावर जे रण माजलं त्यात सात मिनिटं गेली. छोट्या बाईंनी ती जाऊ दिली.

दिवे लागल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. पहिला नंबर. कान लाल झाले होते.

"माझ्या वहीत ढग नाहीत," ती म्हणाली. "सगळ्यांच्या वहीत आहेत. माझ्यात नाहीत."

"हो. मी बघितलं, पण उशिरा."

"मी बघायला गेलेच नाही. आजोबांच्या जुन्या पुस्तकातून काढला. आधीच सगळे एकदम काढून टाकले, एका दिवसात."

मागून कुणीतरी "आँ!" केलं. छोट्या बाई बाकाशी गेल्या. उपदेशाची पाच वाक्यं जिभेवर आली, सगळी चांगल्या वळणाची.

"मीही पुस्तकातूनच काढला होता," ती म्हणाली. "तुझ्याएवढी असल्यापासून."

मुलीने मान वर करून बघितलं. मग खाली बसली आणि पेन उघडलं. "सगळ्या चंद्रांवर रेघ मारू?"

"तुला काय वाटतं?"

मुलीने विचार केला. "मारते. आणि कारण लिहिते. आणि आजपासून परत सुरू करते." खिडकीकडे बघून ती म्हणाली, "आज ढग."

"मग ढग लिही."

घंटा झाली तेव्हा फळ्यावर दोनच आकृत्या होत्या, त्याही तिरक्या: एक इथला चंद्र, एक तिच्या गावचा, होडीसारखा आडवा. टाचणात सात उद्दिष्टं होती.

शिक्षकखोलीत निरीक्षकांनी फॉर्म टेबलावर पसरला. छोट्या बाई समोर, मोठ्या बाई खिडकीशी.

"उद्दिष्टं सात, पूर्ण दोन," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "पौर्णिमा आलीच नाही. वेळेचं नियोजन नाही. फळ्यावरचं लेखन तिरकं. वर्गात गोंगाट, त्यातला काही भाग माझ्या कानाशी." प्रत्येक ओळीला ते एक छोटा आकडा लिहीत होते. छोट्या बाई उलट्या बाजूने ते आकडे वाचायचा प्रयत्न करत होत्या. सहा. चार. पाच. हात मात्र थंडपणे मांडीवर होते. करायचं ते करून झालं होतं.

"विषयज्ञान," निरीक्षक थांबले. "इथे मी अडलोय. वीस गुणांचा रकाना आहे. सव्वीस वह्या चुकीच्या तपासणाऱ्या शिक्षिकेला मी वीसपैकी काय देऊ?"

खोलीतल्या घड्याळाचा आवाज येत होता.

"चूक सोमवारची," मोठ्या बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "फॉर्म गुरुवारचा आहे."

"तुम्ही तिची बाजू घेताय."

"मी तारीख सांगतेय."

निरीक्षकांनी फॉर्मवरची तारीख बघितली. फॉर्मच्या पक्क्या माणसाला ते पटलं असावं. त्यांनी एक आकडा लिहिला, मग "विद्यार्थ्यांचा सहभाग" या ओळीला दुसरा, जरा मोठा, आणि खाली बेरीज केली. बेरीज दोनदा केली. मग फॉर्म तिच्याकडे वळवला. एकूण बावन्न.

"काठावर आहात," ते म्हणाले. "मला याहून जास्त देता आले नाहीत, आणि मी शोधले. पुढच्या वेळी वेळ सांभाळा." बॅग बंद करताना त्यांनी विचारलं, "तुमच्या गावी खरंच आडवा असतो चंद्र?"

"होडीसारखा."

"बघितला पाहिजे," ते म्हणाले आणि गेले.

मोठ्या बाईंनी फॉर्मवर आपली सही केली. शेऱ्याच्या जागी काही लिहिलं नाही. "हे सहीचं पान सांभाळा, दुसरी प्रत मिळत नाही," एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्या तासाला निघून गेल्या.

बसस्टॉपवरून तिने आईला फोन लावला. मशीनची घरघर आधी आली.

"झाला पाठ?"

"झाला."

"किती पडले?"

"बावन्न."

घरघर थांबली. तिच्या आयुष्यात पंच्याऐंशीच्या खालचा आकडा आईने कधी ऐकला नव्हता.

"पाहिजे किती होते?"

"पन्नास."

"मग दोन जास्तच झाले की," आई म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं. "रुजू कधी व्हायचंय म्हणालीस?"